खाली हाये का?

हा किस्सा मी पुष्कळ ठिकाणी सांगितला आहे. स्टाफरूममध्ये, प्रशिक्षणाला गेलो की जेवणाच्या सुट्टीत, एकदा तर एका निरोप समारंभात माइकवरून. वऱ्हाडात ‘खाली’ म्हणजे रिकामं. आमच्या कऱ्हाडकडे ‘खाली’ म्हणजे वर नसलेलं. मास्तरची बदली झालेली, सामान हलवायचंय. हमाल विचारतो, ‘कपाट खाली हाये का?’ मास्तर म्हणतो, ‘हो, खाली आहे’, कारण कपाट माडीवर नसतं, खाली ओसरीत असतं. झालं. भरलेलं कपाट रिकामं समजून दोघंच उचलतात. लोक हसतात. कपाटाखाली कोण आलं ते मी एका वाक्यात उरकतो, तेवढ्यात चहा येतो.

या किश्शातलं एक वाक्य खोटं आहे. ते कोणतं हे मला पहिल्यापासून माहीत होतं, आणि आणखी एका माणसाला. त्या माणसाबद्दल आज लिहितो आहे.

गाव त्यांना मेट म्हणायचं. रोजगार हमीच्या कामावर मजुरांच्या टोळीचा जो म्होरक्या, तो मेट. ते काम संपून किती वर्षं झाली होती कोण जाणे, हुद्दा तेवढा उरला. त्यांचं खरं नाव मी मतदार यादीचं काम करताना एकदा वाचलं होतं. हाक मारायला ते कधी लागलं नाही.

गाव पूस नदीच्या काठावर, पण उंचावर. महागावहून येणारी सडक अलीकडच्या काठाला संपायची. मग रपटा, म्हणजे पाण्याच्या अंगाबरोबर बांधलेला बुटका पूल. मधोमध खचलेला, माणसं जाण्यापुरता. पलीकडे मुरमाची उभी दरड आणि तिच्यात खोदलेल्या पायऱ्या. टेम्पो, ट्रॅक्टर, मोटारसायकल सगळं अलीकडे बाभळींखाली थांबायचं. तिथून पुढं गावात जे जे आलं, नवरीचा आहेर असो नाहीतर ग्रामपंचायतीचा कॉम्प्युटर, ते मेट आणि त्यांच्या तीन माणसांच्या अंगाखांद्यावरून आलं. रशीदभाई, आणि तांड्यावरचे दोघे भाऊ, जे एकमेकांशीही फारसं बोलायचे नाहीत.

मी बदलून आलो तेव्हा टेम्पोवाल्यानं सामान बाभळीखाली उतरवलं आणि तो निघून गेला. मेट आले. कमरेइतक्या उंचीच्या मुलाला उचलून घ्यावं तसे त्यांचे हात सदा शरीरापासून थोडे लांब. सामानाकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

“काय काय हाये, सर?”

“हे काय, समोरच आहे.”

“समोर हाये ते दिसून राह्यलं. तुमी सांगा.”

मी सांगत गेलो. पलंग एक, गाद्या दोन, फ्रीज, लोखंडी कपाट, पुस्तकांची खोकी सहा. ते डोळे मिटून ऐकत होते. लिहायला-वाचायला येत नव्हतं, पण यादी त्यांच्या डोक्यात बसायची. मग ते एकटेच निघाले. दोन्ही हात असे पसरलेले की जणू छातीशी पलंग धरला आहे. रपट्यावरून गेले, पायऱ्या चढले, वळणावर अंग तिरकं केलं, एका जागी त्या नसलेल्या पलंगाला फांदी लागू नये म्हणून वाकले. वरपर्यंत जाऊन तसेच परत आले.

मी रशीदभाईंना विचारलं, “हे काय?”

“खाली खेप. पैली खेप खालीच जाते त्यायची. वाट पाठ करून राह्यले.”

“पण ते तर इथलेच ना? जन्म इथं गेला.”

“त्यायचा गेला सर, तुमच्या पलंगाचा गेला का?”

त्या दिवशी सगळं वर पोचलं आणि एक पाटा-वरवंटा बाभळीखाली राहिला. मी म्हटलं, तो विसरलात. मेट म्हणाले, “इसरलो नाही. तो यादीत नव्हता.” मी जोरात ‘पाटा-वरवंटा एक’ म्हटलं, तेव्हा ते पुन्हा खाली उतरले आणि घेऊन आले. दगडाचं वजन त्यांना जाणवलेलं दिसलं नाही. न सांगितल्याचं मात्र दिसलं.

वस्तूंशी ते अहो-जाहो बोलायचे. फ्रीज उचलताना “या जी, बसा”, शिलाई मशीनला “घाबरू नका बाई, आलंच”. माणसांना मात्र अबे-तुबे. सरपंच एकदा पायरीवर मोबाईलवर बोलत उभे होते, तर मेट ओरडले, “हट बे बाजूले, म्याडम येऊन राह्यल्या!” सरपंचांनी घाईनं वाट दिली, पाहतात तर मागून पिठाची चक्की येते आहे.

दरडीवर तीन सपाट जागा होत्या, ओझं टेकवायच्या. मेटनं त्यांना एसटीच्या थांब्यांची नावं दिली होती. खालची उमरखेड, मधली महागाव, वरची दिग्रस. “महागावले पाणी पिऊ”, “दिग्रस येऊ दे, मंग बिडी”. दोन थांब्यांच्या मध्ये ओझं टेकवायचं नाही. टेकवायला जागाच नव्हती.

आणि कान. मेटच्या कानासाठी शेजारच्या गावांतून लोक यायचे. मधल्या बोटाचं पेर पत्र्याच्या कोठीवर एकदा ठोकायचं, मान थोडी कलती, आणि सांगायचं, “तूर हाये. चार बोटं कमी भरली.” झाकण उघडून बघावं तर तूर, चार बोटं कमी. एकदा लग्नाच्या मांडवात पाच डबे ठेवून पोरांनी त्यांची परीक्षा घेतली. चार बरोबर सांगितले. पाचव्यापाशी ते थांबले, दोनदा ठोकलं आणि म्हणाले, “याच्यात बनवाबनवी हाये.” पोरांनी त्यात अर्धी वाळू नि वर हरभरा भरला होता.

तरी सामान उचलण्याआधी ते मालकाला विचारायचेच. ठोकायचं आणि विचारायचं, “खाली हाये का?” कपाट, पेटी, ट्रंक, काहीही. आणि कुणाचं कपाट त्यांनी स्वतः कधी उघडून पाहिलं नाही. दार उघडं असेल तर मान फिरवून घ्यायचे. मी एकदा गमतीनं विचारलं, “तुम्हाला कानानं कळतंच, मग विचारता कशाला?”

“कानानं मले समजते,” ते म्हणाले. “पण कपाट त तुमचं हाये ना.”

आता माझ्याबद्दल. मी त्या शाळेत मराठी शिकवायला होतो. पहिल्या वर्षी मी फार उत्साही मास्तर होतो. मुलं निबंधात लिहायची, ‘विहीर खाली झाली’, ‘माझा डबा खाली होता’. मी लाल शाईनं ‘खाली’वर काट मारून ‘रिकामा’ लिहायचो, आणि वर्गात डबा हातात धरून दाखवायचो. टेबलाच्या वर, टेबलाच्या खाली, भरलेला, रिकामा. “डबा खाली नसतो रे, रिकामा असतो.” मुलं ‘हो सर’ म्हणायची आणि सुट्टीत म्हणायची, “सर, फळा खाली करू का?”

म्हणजे तो शब्द मला समजत नव्हता असं नाही. त्या गावात त्या शब्दावर माझ्याइतकी शाई कुणी खर्च केली नसेल.

दुसऱ्या वर्षापासून शाई थांबली. का थांबली याला मोठं कारण नाही. कंटाळा. निबंधाच्या वह्या मी नेमानं गोळा करायचो, कारण गोळा केल्याशिवाय मुलं लिहीत नाहीत, आणि घरी आणून लोखंडी कपाटात ठेवायचो. रविवारी तपासू. दिवाळीत तपासू. मुलं विचारायची, मी म्हणायचो, “बघतोय.” पुढं ती विचारेनाशी झाली. पाचव्या वर्षी कपाटाचे चारही कप्पे वह्यांनी दाबून भरले होते आणि माझे कपडे दोरीवर असायचे. प्रत्येक वहीवर नाव, इयत्ता आणि ‘निबंध’ असं सुबक अक्षरात. त्यात रशीदभाईंच्या मुलीच्या होत्या, तांड्यावरच्या होत्या. मेटच्या नातीच्या होत्या. जाळायच्या म्हटल्या तर त्या गावात धूर निघाला की कुणीतरी विचारायला यायचंच.

बदली दिग्रसला झाली. मी ठरवलं, कपाट तसंच न्यायचं आणि तिकडे कुठंतरी रद्दीत घालायचं. दाराला कुलूप लावलं, वरून दोरी आवळली.

सकाळपासून सामान जात होतं. मी यादी सांगितली, मेटची खाली खेप झाली. फ्रीज आणि पलंग घेऊन दोघे भाऊ रपट्यापलीकडे गेले होते. टेम्पोवाला पलीकडून हॉर्न देत होता. ओसरीत मेट, रशीदभाई, मी आणि कपाट. भरलेल्या कपाटाची रीत ठरलेली होती: आधी आतलं सगळं काढायचं, ते वेगळं न्यायचं, मग चौघांनी कपाट. रिकाम्याला दोघं पुरे.

मेटनं बोटाचं पेर ठोकलं. ‘ठक्’ झालं. रिकामं कपाट घणघणतं, हे मलाही माहीत होतं.

“खाली हाये का, सर?”

“हो.”

त्यांनी पुन्हा ठोकलं. या वेळी जरा खालच्या कप्प्यावर. माझ्याकडं पाहिलं नाही, कपाटाकडंच पाहत होते.

“खाली हाये ना?”

“खाली आहे,” मी म्हटलं. माझा आवाज चांगला स्वच्छ होता.

त्यांनी दोरीत हात घातला. मग म्हणाले, “चाल रे रशीद.”

उतरताना ओझ्याची खालची बाजू मेटकडं असायची, सगळं वजन त्याच बाजूला येतं. दिग्रस ओलांडून ते आठ-दहा पायऱ्या उतरले असतील. रशीदभाई वरून म्हणाले, “मेट, ये भरेला है.”

“बोलू नको. महागावले टेकवू.”

महागाव चार पायऱ्यांवर होतं. मी मागं उभा होतो. मी ‘थांबा’ म्हणू शकलो असतो, पण थांबून ठेवायचं कुठं? हे मी तेव्हा स्वतःला सांगितलं. मेटचा उजवा पाय मुरमावर सरकला आणि ते बसले. कपाट सोडून बाजूला झाले असते तर त्यांना काही झालं नसतं. कपाट गडगडत नदीत गेलं असतं, आणि वह्या गावासमोर उघड्या पडल्या असत्या. त्यांनी ते मांडीवर घेतलं. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. कपाटाला ओरखडासुद्धा नव्हता.

दोघे भाऊ धावत आले. मेट दरडीला टेकून, घामानं भिजलेले, सांगत होते, “आधी कपाट टेकवा. सरळ. सरळ टेकवा बे.”

त्यांना बाजेवर घालून रपट्यापार नेलं आणि माझ्याच टेम्पोत, माझ्याच गादीवर झोपवून उमरखेडला. कपाटही त्याच टेम्पोत होतं, कारण भावांनी ते वाटेत आलं म्हणून चढवलं होतं. मी मेट आणि कपाट यांच्या मध्ये बसलो होतो. एका खड्ड्यात टेम्पो आदळला तेव्हा मेटनं हात लांब करून कपाटाला धरलं.

दवाखान्याच्या आवारात हेडमास्तर आले, गावातले दहा-बारा जण आले. कुणीतरी फोनवर ‘मेट महागावले पडले’ असं सांगितल्यामुळं हेडमास्तर आधी महागावला जाऊन आले होते. त्यांनी विचारलं, “हे झालं कसं? रिकामं नव्हतं का कपाट?”

ते वाक्य माझ्या तोंडात तयार कसं होतं हे मला आजही सांगता येत नाही. “अहो, मला वाटलं खाली म्हणजे खाली, ओसरीत. आमच्याकडं तसंच म्हणतात.”

सगळ्यांनी मेटकडं पाहिलं. ते स्ट्रेचरवर होते, आत नेण्याची वाट पाहत.

“हो ना,” मेट म्हणाले. “सरची बोली अलग हाये.”

रशीदभाई म्हणाले, “पण तुमी ठोकलं होतं, मेट. म्या पाह्यलं. दोनदा ठोकलं.”

“ठोकलं,” मेट म्हणाले. “मले खालीच वाटलं.”

पुढं यवतमाळला त्यांच्या मांडीत सळई घातली. मी एकदा सफरचंदं घेऊन भेटून आलो, दिग्रसला हजर झालो, वह्या रद्दीत गेल्या. त्यांनी पुन्हा ओझं उचललं नाही, हे मला फोनवरून कळत राहिलं. पण फोनवर रशीदभाई जे सांगायचे त्यातलं एक वाक्य पायापेक्षा जड होतं. “मेटचा कान गेला सर. आता कोनी कोठी घेऊन येत नाही. भरल्या कपाटाले खाली म्हटलं, तर लोक काय भरवसा ठेवतीन?” मी ‘अरेरे’ म्हणायचो. आणि आठवडाभरात कुठंतरी तो किस्सा सांगायचो. जितक्या वेळा सांगितला तितकी त्यात सफाई आली.

सात वर्षं मी त्या गावात गेलो नाही.

गेल्या हिवाळ्यात हेडमास्तरांच्या निवृत्तीचा कार्यक्रम होता, जावं लागलं. रपट्याच्या जागी आता पूल आहे. टेम्पो दरडीच्या पायथ्यापर्यंत जातो, पायऱ्या मात्र त्याच. मी चढून वर आलो तर आरोग्य केंद्राच्या नर्सबाईंची बदली झालेली, त्यांचं सामान बाहेर काढणं चालू होतं. रशीदभाई दाढी पांढरी करून उभे. दोघे भाऊ तसेच गप्प. आणि मेट. काठी बगलेत अडकवून, दोन्ही हात पसरून, एक नसलेलं कपाट छातीशी धरून ते लंगडत पायऱ्या चढून येत होते. ओझं तिघं उचलतात, पण पहिली खेप अजून त्यांचीच, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. वर आल्यावर त्यांनी ते नसलेलं कपाट सांभाळून खाली ठेवलं, मगच मला रामराम केला.

रशीदभाईंनी नर्सबाईंना विचारलं, “बाई, कपाट रिकामं हाये का?”

“हो, खाली आहे,” बाई म्हणाल्या. त्या नांदेडकडच्या.

“खाली नका म्हणू. रिकामं म्हणा. इथं तसंच चालते.”

“का बरं?”

“एक सर होते कऱ्हाडकडचे,” रशीदभाईंनी मी उभा होतो तिकडं हसून पाहिलं. “हे काय, हेच. त्यायच्या बोलीत खाली म्हंजे खालती. मेटले आयकू आलं नाही बराबर, पाय गेला. तवापासून आमी शब्दच बदलला.”

बाई हसल्या. तो माझाच किस्सा होता आणि मला तो पहिल्यांदा बाहेरून ऐकू येत होता. वर्गात वर्षभर लाल शाई घालून जो शब्द रुजला नाही, तो या चौघांच्या तोंडी असा बसला होता. मेट काठीवर हनुवटी टेकून जमिनीकडं पाहत होते.

मी म्हटलं, “रशीदभाई, तसं नव्हतं ते.”

“काय नव्हतं?”

“खाली म्हणजे रिकामं, हे मला माहीत होतं. त्या दिवशीही माहीत होतं. कपाट भरलेलं होतं आणि मी रिकामं म्हणूनच सांगितलं. दोनदा. मेटच्या कानाला काही झालेलं नव्हतं.”

नर्सबाई आत निघून गेल्या. दोघा भावांपैकी एकजण मातीत थुंकला. रशीदभाईंचं हसू तोंडावर तसंच राहिलं, पण त्यात आता काही नव्हतं. मी मेटकडं वळलो. “तुम्हाला ठोकल्यावर कळलं होतं. मग उचललंत का?”

“तुमी दोनदा सांगितलं, सर,” मेट म्हणाले. “तिसऱ्या बारीले इचारलं असतं त लबाड म्हटल्यासारखं झालं असतं.”

मी क्षमा मागणार होतो. वाक्य जुळवून आणलं होतं. पण त्यांनी हात वर करून मला थांबवलं. त्यांना दुसरंच काही हवं होतं.

“काय होतं आत?”

“वह्या. पोरांच्या निबंधाच्या. चार वर्षांच्या, न तपासलेल्या. तुमच्यासमोर कपाट उघडायची लाज वाटली.”

“वह्या,” ते म्हणाले. पुन्हा म्हणाले, “वह्या.” मग त्यांचा चेहरा उजळला. मी कल्पना केली होती त्यातलं काहीच त्यावर नव्हतं. “कागद! म्हून हाललं नाही. सात वर्षं इचार करून राह्यलो. गहू असता त सरकला असता, भांडे असते त वाजले असते. लोखंड म्हटलं त आवाज तसा नाही. कागद!” त्यांनी काठीनं रशीदभाईंना ढोसलं. “आयकलं का बे? कान गेला म्हणत होते.”

रशीदभाई मेटकडं पाहत नव्हते, माझ्याकडं पाहत होते. “सर, माह्या शबानाची बी होती का त्यात?”

“होती.”

“लय लिहे तेव्हा. तुमी काही लिहून देसान म्हून वाट पाहे.”

शबाना पुढं काय शिकली ते विचारायचंही धाडस झालं नाही.

“चला बे, टेम्पो उभा हाये,” मेट म्हणाले. त्यांच्यापुरता विषय संपला होता. माफ केलं असं ते म्हणाले नाहीत, केलं नाही असंही नाही. ते नर्सबाईंच्या कपाटापाशी गेले आणि सात वर्षांनी, सगळ्यांदेखत, बोटाचं पेर पत्र्यावर ठोकलं. कपाट लांबवर घणघणलं.

आतून हे सगळं ऐकून बाईच बाहेर आल्या आणि त्यांनी कपाटाची दोन्ही दारं सताड उघडली. “बघून घ्या बाबा,” त्या म्हणाल्या, “नंतर माझ्यावर नको.”

रशीदभाईंनी वाकून चारही कप्पे पाहिले. भावांनी पाहिले. मीही पाहिले. मेटनं मान नदीकडं फिरवून घेतली होती.

“रिकामं हाये ना, बाई?” त्यांनी विचारलं.